ललकारीच्या आधीच्या दोन खेपा

महोदय,

नऊ एप्रिल आला की मोबाइलवर नामदेव जाधवांचा फोटो फिरू लागतो. खाली एकच ओळ : इटलीत शत्रूच्या बांधावर उभा राहून ललकारी देणारा मराठा. ललकारी खरी आहे, पण ती गोष्टीच्या शेवटी येते. आपण नेमका तेवढाच शेवट उचलतो.

दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतली सेनियो नदी ओलांडणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत संगमनेरजवळच्या निमजचे हे २३ वर्षांचे शिपाई कंपनीचे 'रनर' होते, म्हणजे निरोप पोचवणारे. नदीत पाणी चारेक फूटच. पण काठाला पुराचा उभा बांध आणि सुरुंग पेरलेले. पलीकडे पोचतात तोच तीन मशीनगन सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, सोबतचे बाकीचे ठार. धडधाकट उरले ते एकटे जाधव.

त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून अलीकडे आणलं, सुरुंगांमधून बांध चढून सुरक्षित जागी ठेवलं आणि दुसऱ्यासाठी परत फिरले. पहिली खेप माणूस तिरमिरीत करून जाईल हो. दुसऱ्या वेळी पलीकडे काय वाढून ठेवलंय हे पक्कं ठाऊक असतं. तिसऱ्यांदा गेले ते मशीनगनच्या चौक्या मोडायला. पहिली गप्प केली, पण हाताला गोळी लागली. टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून ग्रेनेड घेतले. मध्येच सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून आणखी ग्रेनेड आणले. तिन्ही चौक्या बंद पडल्यावर, उखळी तोफांचा मारा चालूच असताना, ते बांधावर उभे राहिले. ललकारी तेव्हाची, मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावण्यासाठी.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे तर जुलै १९४४ मध्ये टायबर खोऱ्यातच पडले. मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता. नळीकडून बंदूक धरून ते तिच्या दस्त्याने लढले. तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं. जाधव आणि घाडगे दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. इटलीच्या मोहिमेतल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैनिकांचे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

एक विनंती. येत्या ९ एप्रिलला जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र मराठीत, न कापता छापावं. अर्धं पानसुद्धा लागणार नाही.

— एक वाचक, संगमनेर