बॅटरी बदलण्याआधी तिचे मापन तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप चार्ज शिल्लक असतानाच बंद पडू लागला की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच उत्तर मिळते: 'बॅटरी गेली, नवी टाका.' मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले असून, हे उत्तर तपासणी न करताच दिले जाते याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात शेजारची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आपला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पडद्यावर २८ टक्के चार्ज दिसत असताना यंत्र एकाएकी बंद होत असे. आमच्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून प्रकल्पाचे काम करताना तिचे लिहिलेले दोनदा वाया गेले होते. दुकानदाराने बॅटरी उघडूनही न पाहता नवीचा भाव सांगितला होता.

पडद्यावर दिसणारी टक्केवारी हा एक अंदाज असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो, पण मधल्या मोठ्या टप्प्यात हा दाब इतका सावकाश उतरतो की केवळ त्यावरून किती चार्ज उरला हे नेमके ठरवता येत नाही. म्हणून बॅटरीच्या संचातच बसवलेली एक चिप आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाची अखंड बेरीज-वजाबाकी करत राहते. या हिशेबातली बारीक चूक साठत जाते आणि ती दुरुस्त होण्याची खात्रीची ठिकाणे दोनच: बॅटरी पूर्ण भरते तेव्हा आणि जवळजवळ रिकामी होते तेव्हा. जो लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच जोडलेला असतो, किंवा ज्याच्या चार्जिंगवर ८० टक्क्यांची मर्यादा घातलेली असते, त्याच्या चिपला यांपैकी एक किंवा दोन्ही ठिकाणे महिनोन्‌महिने भेटत नाहीत. (मर्यादा घालणे बॅटरीच्या आयुष्याला हिताचेच आहे, ती कायमची काढू नये.)

विंडोजमध्ये याची तपासणी फुकट होते. कमांड प्रॉम्प्ट (संगणकाला लिहून आज्ञा देण्याची खिडकी) उघडून रोमन लिपीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असे लिहिले की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. या मुलीच्या अहवालात मूळ क्षमता ४१ वॅट-तास आणि सध्याची ३७ होती. एवढी सुदृढ बॅटरी २८ टक्क्यांवर बंद पडावी, हे जुळत नव्हते.

मग आम्ही मापन नव्याने जुळवले. बॅटरी १०० टक्के भरून आणखी दोन तास चार्जरला ठेवली. सगळे काम जतन करून, आपोआप स्लीपमध्ये जाण्याची सोय बंद करून, यंत्र आपणहून बंद पडेपर्यंत बॅटरीवर चालवले. नंतर चार-पाच तास तसेच राहू दिले आणि मध्ये न थांबवता पुन्हा पूर्ण भरले. लेनोव्होच्या काही थिंकपॅड संगणकांत हे काम करणारी सोय कंपनीनेच दिलेली आहे. उलट अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकांना अशा हाताने केलेल्या जुळणीची गरज नसते.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात सध्याची क्षमता ३७ वरून २७ वॅट-तासांवर आलेली पाहून ती मुलगी घाबरली. बॅटरी रात्रीत बिघडली नव्हती. ती आधीपासूनच तेवढी झिजलेली होती आणि चिपला ते आता कळले होते. लॅपटॉप पूर्वीही सुमारे दीड तास चालत होता, आताही तेवढाच चालतो, मात्र आता तो ४-५ टक्क्यांवर, आधी इशारा देऊन बंद होतो. महाविद्यालयातल्या कामाला दीड तास पुरतो म्हणून तिने बॅटरी वर्षभर न बदलण्याचे ठरवले. जुळणीने क्षमता वाढते असे सांगणाऱ्यांवर वाचकांनी विश्वास ठेवू नये. एखादा सेलच दुबळा झाला असेल तर जुळणीनंतरही यंत्र मध्येच बंद पडेल, आणि तेव्हा बॅटरी बदलणेच योग्य. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. लॅपटॉप लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा.

दर महिन्याला बॅटरी पूर्ण उतरवावी, हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयनला वारंवार तळापर्यंत नेल्याने तिची झीज वाढते. आकडा फसवू लागला तरच, किंवा वर्षातून दोन-तीनदा, एवढी जुळणी पुरे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दुरुस्ती व्यावसायिकांना माझी विनंती आहे की बॅटरी बदलण्यापूर्वी त्यांनी हा अहवाल ग्राहकासमोर काढावा आणि त्याची प्रत पावतीसोबत द्यावी. महाविद्यालयांच्या संगणक विभागांनीही पहिल्या सत्रातच एक तास काढून विद्यार्थ्यांना तो वाचायला शिकवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, सातारा जिल्हा