जांभळ्या भिंतीबद्दल

प्रिय शुभे,

तुझा मेसेज वाचला, म्हटलं हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये, नीटच लिहिते. मुलुंडच्या बेडरूमला जांभळा द्यायचाय आणि घरात सगळे नको म्हणतायत, हेच ना? अगं दे बिनधास्त. फक्त तू पाठवलीस ती शेड नको. शेड कार्डवर बोटभर रंग छान दिसतो, पण चारही भिंतींवर गेला की एका भिंतीचा रंग दुसरीवर पडून खूप भडक होतो. त्याच पट्टीतली राखाडी मिसळलेली, थोडी मळकी वाटणारी शेड आहे ना, जी बघून तू पटकन पुढे गेली असशील, ती घे. भिंतीवर तीच खरी जांभळी दिसते आणि डोळ्याला शांत वाटतं.

आता मुख्य गोष्ट, उजेड. तुझी खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर सगळं पिवळं ऊन आत. पिवळा आणि जांभळा एकमेकांच्या विरुद्ध रंग, त्यामुळे पिवळ्या उजेडात जांभळा विझतो, तपकिरीकडे जातो. रात्री २७०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेड पिवळा की निळसर ते सांगणारा आकडा) पिवळा बल्ब लावलास तरी तेच, आणि ६५०० ची पांढरी ट्यूब लावलीस तर तोच रंग निळसर, थंडगार दिसतो, बेडरूममध्ये मला तरी ते अजिबात आवडत नाही. ४००० चा घे, खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, लोहार चाळीत सहज मिळेल. आणि शेड गुलाबीकडे झुकणारी न घेता निळ्याकडे झुकणारी घे, म्हणजे संध्याकाळच्या उन्हातही जांभळेपणा टिकेल.

सॅम्पलचा छोटा डबा आणून थेट भिंतीवर लावू नकोस हं. तुझी आत्ताची भिंत पिस्ता रंगाची, त्या हिरव्याशेजारी कुठलाही जांभळा आहे त्यापेक्षा जास्तच जांभळा दिसणार. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मार, पूर्ण वाळू दे आणि तो पुठ्ठा खिडकीजवळ, कपाटाशेजारी, पलंगामागे असा फिरवून सकाळी, संध्याकाळी, रात्री बघ. आजीचं सागवानी कपाट मात्र हलवू नकोस प्लीज, सागाचा पिवळसर तपकिरी रंग या जांभळ्याशेजारी इतका सुंदर उठून दिसतो की तेवढ्यासाठी तरी हा रंग द्यावा. पडदे ऑफ-व्हाईट, सीलिंग पांढरं, बस, अजून काही नको. पडद्याचं कापड मंगलदास मार्केटमधून घेऊ, मी येते सोबत.

फिनिश मॅट सांग. चमक असलेल्या पेंटवर खिडकीतून तिरका उजेड पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि पेंटर कितीही घाई करू दे, पावसाळा संपल्यावर लगेच काम नाही काढायचं, पश्चिमेची बाहेरची भिंत चार महिने पाणी पिते, ती आतून वाळायला वेळ लागतो. ओल्या भिंतीवर पुट्टी केली की पोपडे धरतात, पांढरी पूड येते, आणि मळक्या जांभळ्यावर ती पूड फार उठून दिसते. दिवाळी जुन्याच रंगात कर, मग काढ काम. आधी प्रायमर, नाहीतर पिस्ता खालून डोकावेल.

सासूबाई म्हणतात ना हे नवीन फॅड आहे, त्यांना सांग, १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनाईन बनवायला गेला आणि हातात जांभळा रंग आला, तेव्हापासून हा रंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्या मनापासून ऐकतात असलं काही, मला माहितीये.

रविवारी मेगाब्लॉक नसेल तर येते, पुठ्ठा तयार ठेव.

तुझीच,
मीनू