तुझ्या तिसऱ्या अर्जाबद्दल

ब्लूमिंग्टन, इंडियाना
फेब्रुवारी २०२६

प्रिय भावा,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. कॉलेजच्या फुटबॉल कोचसाठी तीन अर्ज, समितीत तू, आणि प्राचार्यांना सोमवारी नाव पाहिजे. "तुमच्याकडं कोट्यवधी मोजून कोच नेमतात, ते काय बघतात सांग," म्हणालास. इथला फुटबॉल आपला नव्हे रे. हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून धडकायचा खेळ. पण कोच निवडतानाच्या चुका अगदी आपल्यासारख्याच.

मी २०२१ ला आलो. पहिल्या तीन हंगामांत आमच्या इंडियाना विद्यापीठानं मिळून नऊ सामने जिंकले. गाव सगळं बास्केटबॉलवेडं. फुटबॉलच्या शनिवारी लोक पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून बसायचे आणि मॅच सुरू झाली तरी उठायचे नाहीत. एकदा नोव्हेंबरच्या थंडीत आत गेलो, तर अख्ख्या रांगेत मी आणि गुडघ्यावर ब्लँकेट घेतलेले एक आजोबा. त्यांनी थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली आणि स्कोअरबोर्डाकडं न बघता नातीचं कौतुक सांगत बसले. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असं करून बघ, लोक उचलून बाहेर टाकतील!

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस जुना कोच गेला आणि कर्ट सिग्नेटी आले. वय ६२. आमच्या ग्रुपवर सगळ्यांचा एकच प्रश्न, हे कोण? ते पत्रकारांना म्हणाले, मी जिंकतो, गूगल करा. मला तेव्हा बढाई वाटली. मग खरंच गूगल केलं.

हा माणूस २००७ ते २०१० अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नावाजलेल्या कोचचा सहायक. तिथंच चिकटून बसता आलं असतं. पण २०११ ला खालच्या श्रेणीतल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्वेनियात हेड कोच म्हणून गेला, तेही कमी पगारावर. (नावात इंडियाना, पण गाव पेनसिल्वेनियातलं. मीही फसलो होतो.) पुढं ईलॉन विद्यापीठ. आदल्या वर्षी त्या संघाचे दोन विजय, नऊ पराभव; यांनी पहिल्याच वर्षी आठ जिंकले. नंतर जेम्स मॅडिसन विद्यापीठ, ५२ विजय आणि ९ पराभव. तो संघ आधीपासूनच तगडा होता, म्हणून ५२ चा आकडा मी जरा हलका धरतो. ईलॉनच्या आठाला वजन जास्त.

पुढचं तुला माहीतच आहे, मीच रात्री-बेरात्री फोन करून डोकं खाल्लं. २०२४ ला ११ विजय. २०२५ च्या हंगामात सोळापैकी सोळा आणि राष्ट्रीय विजेतेपद. वाटेत रोझ बोल या बाद फेरीच्या सामन्यात त्याच अलाबामाला ३८-३ असं धुतलं.

आता तुझे अर्ज. पहिला मोठ्या अकादमीतला सहायक, फाईल चकचकीत. इथंही सेबन यांच्या सहायकांवर सगळ्यांच्या उड्या. टेनेसी विद्यापीठानं एक घेतला, तीन हंगामांत काढावा लागला. जॉर्जिया विद्यापीठानं सेबन यांचेच सहायक कर्बी स्मार्ट यांना घेतलं. हेड कोचपदाचा अनुभव शून्य, तरी २०२१ आणि २०२२ ची विजेतेपदं आणली. म्हणजे सहायक नकोच असं नाही. पण संघ हरत असताना निर्णय कुणी घेतला, हे त्याला विचार. "आमच्या सरांनी" असं उत्तर आलं की समज.

दुसरा राज्य खेळलेला. चांगला खेळलेला माणूस शिकवतोच असं नाही. आपले तालमीतले दादा आठव, स्वतः ड्रिबल करून दाखवायचे आणि आपल्याला जमलं नाही की शिट्टी फेकून मारायचे.

तिसरा गडहिंग्लजकडचा पीटीचा मास्तर. तू त्याला "तो आपला साधा" म्हणालास, म्हणून हे पत्र एवढं वाढलं. तो यायच्या आधी त्या शाळेचा संघ काय होता, ते शोध. शिफारसपत्रं बाजूला ठेव, त्याच्या जुन्या पोरांना फोन लाव. सिग्नेटी इथं आले तेव्हा जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू त्यांच्यामागं आले, सहायकही आले. मास्तरच्या हाताखालून गेलेली पोरं अजून त्याच्याकडं रविवारी येतात का, एवढं बघ. जमलं तर न सांगता मैदानावर जा. राखीव पोरं बाकावर नुसती बसून असतात की त्यांना काही काम दिलेलं असतं?

आणि पगाराचं लेखी करा, पण झेपेल तेवढंच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं २०२३ ला कोच काढला, तर करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर आलं. तुमच्या प्राचार्यांना हा आकडा जरूर सांग, चहा तरी पाजतील.

काकूंना नमस्कार. मास्तरचं काय झालं ते रविवारी रात्री कळव, मी जागा आहे.

तुझा,
गोलकीपर