एकाच व्यक्तीची दोन चरित्रे हाती दिल्याबद्दल

आदरणीय आप्पा,

सविनय नमस्कार.

हे पत्र टपालाने आपल्या घरी पाठवले असते, तर आपण ते वाचून एखाद्या पुस्तकात खूण म्हणून घातले असते आणि विषय तिथेच मिटला असता. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आमच्या सातवीच्या वर्गाविषयी बोलल्यापासून अमळनेर तालुक्यातील बरेच शिक्षक माझ्याकडे बालचरित्रांची यादी मागत आहेत. नुसत्या यादीने फारसे साधणार नाही, हे त्यांना सांगायचे तर वाचनालयातून ती पुस्तके आपण कशी दिलीत, हेही सांगितले पाहिजे.

जयंतीच्या आदल्या दिवशी वाचनालयातून एक पातळ पुस्तक न्यावे, त्यातील दोन पानांचे भाषण करून एखाद्या हुशार मुलीकडून ते पाठ करून घ्यावे आणि परिपाठात म्हणवून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सावित्रीबाई फुले यांचे चरित्र मागायला मी आले, तेव्हा आपण त्यांची दोन निरनिराळी बालचरित्रे माझ्यासमोर ठेवलीत. शिवाय सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे ज्यात छापली आहेत, असा मोठ्यांसाठीचा एक ग्रंथही त्यांच्यासोबत दिलात. "आधी दोन्ही वाचू द्या, पत्र शेवटी काढा," एवढेच आपले सांगणे होते.

मी तसेच केले. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंवर शेणमातीचा मारा होत असे, तो प्रसंग दोन्ही पुस्तकांतून मोठ्याने वाचला. प्रसंग एकच असला, तरी संवाद निराळे होते. एका पुस्तकात त्या दोन वाक्ये बोलतात, तर दुसऱ्यात चांगले अर्धे पान. मुलांनी वहीत दोन रकाने आखले : एकात कोणी पाहिलेले किंवा लिहून ठेवलेले असेल ते, दुसऱ्यात लेखकाने रचलेले असेल ते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे वाक्य कोणत्या रकान्यात घालायचे यावर वाद झाला नाही. त्या वेळी सावित्रीबाईंच्या मनात काय आले, हे सांगणाऱ्या वाक्यावर मात्र तास संपेपर्यंत वाद चालला.

मग पत्र काढले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून लिहिलेल्या त्या पत्रात सावित्रीबाई माहेरी आजारपणातून उठत आहेत. महार-मांगांसाठी काम केल्याबद्दल भाऊ त्यांना आणि जोतीरावांना दोष देतो, आणि त्या त्याला सरळ उत्तर देतात : तू शेळी, गाय प्रेमाने कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसांना मात्र अस्पृश्य समजतोस. हे ऐकल्यावर मुले जे बोलली, ते मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की पुस्तकांतल्या सावित्रीबाई सतत सोसतात आणि पत्रातल्या सावित्रीबाई भांडतात. बालचरित्रकारांना सोसणारी माणसे अधिक सोयीची वाटतात, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. आपले मत याहून कडक आहे, हे मला ठाऊक आहे.

१९४२ च्या आंदोलनातील बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता यांच्या बाबतीत आपण दिलेल्या दोन पुस्तकांत मृत्यूच्या वेळचे वय जुळत नव्हते. एकात पंधरा वर्षांचा, दुसऱ्यात सोळा वर्षांचा. चूक कोणाची, हे मुलांनी विचारल्यावर मी उत्तर न देता दोन तारखा फळ्यावर लिहिल्या : जन्म २८ डिसेंबर १९२६ आणि नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२. पंधरा पूर्ण झालेली होती आणि सोळावे चालू होते, म्हणजे दोन्ही लेखकांनी आपापल्या परीने बरोबरच लिहिले होते. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांनीही हा हिशेब आपणहून केला. त्याच दिवशी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. त्यांची स्वतंत्र बालचरित्रे का नाहीत, हा प्रश्न मात्र वर्गात तसाच राहिला आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरींविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे आसोदे आमच्याच जिल्ह्यातले आणि मुलांना त्यांच्या ओव्या पाठच असतात. लिहिता-वाचता येत नसलेल्या बाईचे "पुस्तक कसं व्हयनं?" असे मागच्या बाकावरून आले. त्यावरून मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या ओव्या कशा उतरवून घेतल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली संग्रह कसा निघाला, इथपर्यंत आम्ही पोहोचलो. इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे त्या तासाला न सांगता समजले. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे नाव निघाले, तेव्हा गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करणारा माणूस मुलांना विक्षिप्त वाटला नाही. हाच माणूस १९२६ साली धुळ्यात वारला आणि त्याच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, म्हटल्यावर सहलीचे ठिकाण मुलांनीच ठरवून टाकले.

एका गोष्टीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि आभाराच्या पत्रात ते लिहिल्याबद्दल आपण रागावणार नाही, अशी खात्री आहे. चित्रांची, रचलेल्या संवादांची पुस्तके शाळेत आणूच नयेत, असे आपण म्हणता. चौथीच्या मुलाला आधी गोष्ट हवी असते. साने गुरुजींनी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवले, वसतिगृहातल्या मुलांची आजारपणे काढली, हे त्याला प्रसंगांतूनच कळणार. रकाने आखायचे ते सातवीत, आणि तेही गोष्ट मनात रुजलेली असेल तरच आखता येतात. बहुतेक बालचरित्रांचा नायक पहिल्याच प्रकरणात असामान्य निघतो, याचा मलाही वैताग येतो. पण त्यावर उपाय म्हणून पुस्तक कपाटात ठेवण्यापेक्षा दुसरे पुस्तक त्याच्या शेजारी ठेवावे, आणि ही रीत मला आपणच घालून दिली आहे.

निवृत्त झाल्यावरही आपण वाचनालयात येऊन बसता, पुस्तकांची दाखल नोंदवही उघडून "या लेखकाने तारखा नीट दिल्या आहेत", "याने सगळे ऐकीव लिहिले आहे", असे एकेका पुस्तकाविषयी सांगता, वर्गणीदार नसलेल्या शाळेला आपल्या जबाबदारीवर गठ्ठा बांधून देता, याबद्दल मी, माझे सहकारी आणि सातवीचा वर्ग आपले मनःपूर्वक आभारी आहोत.

सावित्रीबाईंच्या दोन्ही प्रतींची बांधणी सुटली होती. ती मुलांच्या पालकांपैकी एका बाइंडरने करून दिली असून पुस्तके येत्या आठवड्यात परत पोहोचतील. आता एक नवी मागणी आहे. वर्गात भिल्ल वस्तीतील मुले आहेत आणि त्यांना १८५७ च्या उठावात सातपुड्यातील भिल्लांचे नेतृत्व करणारे खाजा नाईक यांच्याविषयी वाचायचे आहे. त्यांच्यावर मुलांना झेपेल असे आपल्याकडे जे काही असेल ते, आणि नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी ठेवण्याजोगे दुसरे काही असेल तर तेही, जानेवारीपर्यंत काढून ठेवावे. कापूस वेचणीमुळे तोवर वर्ग पूर्ण भरत नाही.

आपली नम्र,
सातवीची वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, अमळनेर तालुका