बोटाच्या टोकाचा स्पर्श परत मिळू शकतो

संपादक महोदय,

रबाळे येथील एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या विभागात, मी पर्यवेक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका ऑपरेटरच्या उजव्या तर्जनीच्या टोकाचा गर, म्हणजे कातडीसकटचा मांसल भाग, पॉवर प्रेसखाली जवळजवळ पूर्ण निघून गेला. प्रथम ज्या रुग्णालयात नेले, तेथे हाड थोडे कापून, बोट आखूड करून शिवण्याची तयारी झाली होती. दुसरा उपाय विचारला, तेव्हा ‘एवढ्याशा टोकासाठी कशाला?’ असे उत्तर मिळाले.

उपाय होता. दुसऱ्या रुग्णालयातील प्लास्टिक सर्जनांनी त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या कडेचा गर धमनी, शीर आणि मज्जातंतूसह काढून बोटावर बसवला. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडल्या जातात. मांडीच्या कातडीने जखम झाकता येते, परंतु बोटाच्या टोकाची जाड, बिनकेसांची, रेषा असलेली कातडी पायाच्या बोटावर मिळते, आणि मज्जातंतू जोडल्यामुळे तिच्यात जाणीवही परत येते. ती फार सावकाश येते, कारण मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढतो. पहिल्या रात्री परिचारिका तासातासाला त्या गराचा रंग पाहून जात होती. पुढे काही आठवडे तो लंगडत चालला. सहा महिन्यांनी मात्र त्याने डोळे मिटून माझ्यासमोर ट्रेमधले नट आणि वॉशर वेगळे करून दाखवले.

प्रत्येक जखमेला हे लागत नाही, लहान जखम नुसत्या ड्रेसिंगनेही भरते, हे मला ठाऊक आहे. पण कामगारांच्या राज्य विम्यासंबंधीच्या कायद्याच्या परिशिष्टात हाड न जाता तर्जनीचे टोक तुटल्यास कमाईक्षमतेचे नुकसान ५ टक्के आणि एक पेर गेल्यास ९ टक्के धरले आहे. पत्र्याची बर, म्हणजे कापलेल्या कडेवर राहिलेला धारदार कंगोरा, दिवसभर बोटाने चाचपणाऱ्या कामगाराचे नुकसान या आकड्यांत मावत नाही.

म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील विमा दवाखान्यांना आणि खासगी रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की अपघात तातडीचा असला तरी, हाड कापण्यापूर्वी कामगाराला हा पर्याय त्याच्या भाषेत सांगावा आणि त्याची इच्छा असल्यास त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. एकदा कापलेले हाड पुन्हा जोडता येत नाही.

आपला,
एक पर्यवेक्षक, घणसोली, नवी मुंबई