नाना, त्या रात्रीच्या बुशबद्दल

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या लेथच्या दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही “चहा सांग रे” म्हणून विषयच बदलता. आतापर्यंत तीनदा झालंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कॉलेजच्या पोरांनी बांधलेली गाडी स्पर्धेला निघायची होती आणि मागच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, बेअरिंग बोटानं ढकललं तरी आत जात होतं. बोअर, म्हणजे हबचं आतलं भोक, तीन दशांश मिलिमीटर मोठा. ड्रॉइंग माझंच, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळेना. जळगावच्या एमआयडीसीत चार दुकानं फिरलो. नवीन हब करा, म्हणाले. तुमचं शटर अर्धं खाली आलेलं. केळीवाल्यांच्या पंपांचे शाफ्ट पायानं बाजूला सारत तुम्ही विचारलंत, “काय व्हयनं रे भो?”

हब लेथच्या चकात धरून, मोजायचा डायल लावून तुम्ही अर्धा तास नुसता सेंटर काढत बसलात. मग बोअर आणखी मोठा करायला घेतलात. माझ्या पोटात गोळा! त्यात बुश, म्हणजे नळीसारखी धातूची कडी, दाबून बसवलात आणि आतून बेअरिंगच्या मापाला आणायला लागलात. शेवटचा कट घेताना रेडिओ बंद केलात, आणि मलाही.

नंतर चहा पिताना मी तुम्हाला रॉस ब्रॉन सांगितला. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतीतल्या मायकल शूमाकरच्या सातही जगज्जेतेपदांच्या वेळचा तांत्रिक प्रमुख, दोनदा बेनेटन संघात, पाचदा फेरारीत. लोक त्याची १९९८ची हंगेरीतली चाल सांगतात: शूमाकरला पेट्रोल-टायरसाठी एक थांबा जास्त घ्यायला लावला आणि त्याची भरपाई म्हणून १९ फेऱ्यांत २५ सेकंदांची आघाडी काढ म्हणून सांगितलं. त्यानं काढली! तुम्हाला ना शूमाकर माहीत, ना हंगेरी. पण हाच ब्रॉन १९७६ साली मार्च नावाच्या कंपनीत मिलिंग मशीनवर कामाला होता म्हटल्यावर तुम्ही बशी खाली ठेवलीत. “मंग तो आपलाच मानूस शे.”

२००८च्या डिसेंबरात होंडानं फॉर्म्युला वनमधून अंग काढलं. ब्रॉन संघाचा प्रमुख होता, त्यानं संघ एका पौंडात घेतला. यावर तुम्ही मनापासून हसलात. शेकडो कामगारांना घरी बसावं लागलं हे ऐकलं आणि हसणं थांबलं. होंडाच्या इंजिनासाठी बांधलेल्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवायचं म्हणून चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, मागचा भाग कापावा लागला. तशाच दोन गाड्या २९ मार्च २००९ला मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. वर्षाअखेर त्यांचा चालक जेन्सन बटनही जगज्जेता आणि संघही. त्यात डबल डिफ्यूझरचा, म्हणजे गाडीखालची हवा मागून बाहेर काढणाऱ्या भागाचा, वाटा मोठा, पण ते मी हात हलवून समजावत असताना तुमचं लक्षच नव्हतं. तुमचा प्रश्न एकच: कापल्यावर सेंटर कसा जुळवला?

असा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता.

स्पर्धेत आमच्या गाडीचा पुढचं चाक धरणारा आर्म तुटला, नाना. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्या बुशला काही झालं नाही.

पैसे विचारले तेव्हा दीडशे म्हणालात. आता मी चाकणला डिझाइनमध्ये आहे, दीडशे रुपयांत तिथं कुणी हब हातातही धरणार नाही. तो हब माझ्या टेबलावर असतो. परवा नव्या पोरांना दाखवायला बेअरिंग काढायला गेलो, निघालं नाही.

दिवाळीनंतर येतोय. भरीत-पुरी मी आणतो, चहा तुमचा.

आपला नम्र,
बोअर मोठा करणारा पोरगा