वूडूच्या दारावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला कधी कळलं नाही आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर, रेडिओ क्लबच्या अलीकडे, वूडू पबच्या दाराशी शनिवारी रात्री तुम्ही असायचात, तेवढी ओळख पुरायची. पत्ता ठाऊक नाही म्हणून हे चारचौघांत लिहितोय. त्याच रस्त्यावरच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात १९७२ साली लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे पेज आणि प्लांट वाजवून गेले, हे मुंबईचे जुने रसिक अजून रंगवून सांगतात. त्या रात्री दारावर कोण होतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

शहरातल्या इतर गे पार्ट्यांची जागा सारखी बदलायची. निरोप एसेमेसवर यायचा, आत शिरायला पैसे लागायचे आणि कपडेही तसे लागायचे. शनिवारचं वूडू मात्र जागचं हलायचं नाही. विरार-उल्हासनगरची पोरं, बँकेतले कारकून, आसपासच्या हॉटेलांतले गोरे पाहुणे, घरी नाइट शिफ्ट सांगून आलेले चाळिशीचे गृहस्थ, सगळे तिथेच घाम गाळायचे. फाडफाड इंग्रजीवाल्यांचा कोपरा वेगळा असायचा खरा, पण हिंदी गाणी सुरू झाली की तोही विरघळायचा. (ती गाणी डीजे फार उशिरा लावायचा, ही माझी तक्रार अजून आहे.)

मी ऑफिसातून थेट यायचो. डबा, छत्री आणि इस्त्रीचा शर्ट असलेली बॅग तुम्ही न विचारता आपल्या स्टुलाखाली सरकवायचात. ते तुमचं काम नव्हतं. एकदा म्हणालात, ‘‘खंय रवतस? डोंबिवलीक? मगे शेवटची कर्जत गेली तुझी.’’ आणि पब बंद झाल्यावर पहिली लोकल सुटेपर्यंत वेळ कुठे काढायचा, ते समजावलंत: बडेमियाँच्या कबाबांकडे गर्दी असते तोवर तिथे थांब, मग थेट सीएसटी, अंधारात समुद्राकडे फिरकायचं नाही.

का फिरकायचं नाही, ते मला पुढे कळलं. एका रात्री मी आणि नुकताच ओळखीचा झालेला एक जण बाहेर पडलो, तर दोघांनी गाठलं. आपण साध्या वेशातले पोलीस आहोत म्हणाले. ३७७ लावू, घरी फोन करू, नाहीतर एटीएमला चला. तेव्हा समलिंगी संबंधांना कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, आणि तो आकडा त्या लोकांना आमच्यापेक्षा चांगला पाठ असायचा. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही सावकाश चालत आलात आणि अगदी नरमाईने विचारलंत, ‘‘साहेब, ओळखपत्र बघू? ठाणं कुठलं?’’ पुन्हा विचारायची वेळ आली नाही, दोघेही गल्लीत पसार झाले. तुम्ही काळी-पिवळी थांबवलीत, ड्रायव्हरच्या हातात स्वतःच्या खिशातले पैसे ठेवलेत आणि म्हणालात, ‘‘स्टेशनात दिव्याखाली बस.’’ पुढच्या शनिवारी पैसे द्यायला गेलो तर तुम्ही हात मागे घेतलात.

आम्ही काय करतो, कुणाबरोबर जातो, याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तुम्हाला ते पटत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित नसेलही. पण दारातून टॅक्सीपर्यंतची शंभर पावलं तुम्ही आपल्या अखत्यारीत घेतली होती. आतल्या दिव्यांचं आणि गाण्यांचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते गे बार सुरक्षित आहे की नाही, हे त्या शंभर पावलांवर ठरतं.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ मधून आम्हाला सोडवलं. त्या शनिवारी पोरं दाराबाहेरच एकमेकांना मिठ्या मारत होती. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, ‘‘आज सण आसा काय रे?’’ मी निकाल सांगितला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘‘म्हणजे ते एटीएमवाले आता येणार नाहीत?’’ एवढ्या थोडक्यात त्या निकालाचा अर्थ मला कुण्या वकिलानेही सांगितला नव्हता.

पुढे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला शेवटी आमची सुटका झाली. तोवर वूडूचं शटर कायमचं पडलं होतं आणि तुम्ही कुठे गेलात, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आता पोरं पार्टीच्या दारात फोटो काढून लगेच टाकतात. पाहिलंत तर हसाल.

काका, तुमच्या नातवाने किंवा शेजारच्या कोणी हे वाचून दाखवलं, तर निरोप द्या. कुर्ल्यात असा की कणकवलीत, मी येईन. त्या टॅक्सीचे पैसे घेऊन येईन, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
डोंबिवलीवाला